आधी पाण्याखालचे

शिडाची बोट घेऊन लांबच्या सफरीवर निघायचे, तर निघण्यापूर्वी त्या बोटीची तयारी कशी करावी, हा या पुस्तकाचा विषय आहे. वारा कसा धरावा, शीड कसे आवळावे, नकाशावर आपली जागा कशी काढावी, याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. गोदीतल्या चिखलात, उन्हाने तापलेल्या केबिनमध्ये आडवे पडून, तोंडात विजेरी आणि हातात पाना धरून जे महिने काढावे लागतात, त्यांच्याकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. माझ्या मते सफर सुखरूप होणार की पहिल्याच बंदरात गुंडाळावी लागणार, हे त्या महिन्यांतच ठरते. म्हणून एवढ्या एका गोष्टीसाठी स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले.

सफर म्हणताना मला शर्यत अभिप्रेत नाही. दोघे-तिघे जण, कधी एखादे कुटुंब, बोटीवरच संसार थाटून महिनोन्‌महिने या बंदरातून त्या बंदरात जातात, ती सफर. अशा लोकांकडे नवी कोरी बोट क्वचितच असते. बहुतेकांची बोट पस्तीस ते बेचाळीस फुटांची, वीस-तीस वर्षे वापरलेली, फायबरग्लासची. फायबरग्लासचे कवच चिवट असते. नीट बांधलेले असले तर मालकांच्या दोन पिढ्या पाहते. पण त्या कवचाला जोडलेले बाकी सगळे, म्हणजे तारा, झडपा, नळ्या, वायरिंग, टाक्या, सुकाणूचा दांडा, आपापल्या वेगाने म्हातारे होत असते आणि त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसत नाही. शनिवार-रविवारी खाडीत फेरी मारणाऱ्या बोटीला ते चालून जाते. काही बिघडलेच तर तासाभरात धक्का गाठता येतो. धक्का आठशे मैल मागे राहिला असेल, तर तेवढ्याच बिघाडाचे संकट होते.

हा विषय आपल्याला परका मुळीच नाही. 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले. 312 दिवसांच्या त्या सफरीतली ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी बोट मुंबईत बांधलेली होती, सागवानाची, वाकस आणि दोरीने फिरवायचे गिरमिट चालवणाऱ्या इथल्या सुतारांच्या हातची. बोट पाण्यात उतरल्यावर नॉक्स-जॉन्स्टन स्वतःच ती मुंबईहून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून इंग्लंडला घेऊन गेले होते. त्यामुळे जगप्रदक्षिणेला निघताना तिच्या खोडी त्यांना पाठ होत्या.

त्या सफरीतला एक प्रसंग मला तयारीच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा वाटतो. अटलांटिकमध्ये, केप व्हर्द बेटे मागे पडल्यावर, बोटीत भराभर पाणी येऊ लागले. वारा पडला तशी त्यांनी पाण्यात बुडी मारली. पाण्याच्या रेषेच्या बरेच खाली, पठाणाजवळ, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याजवळ, फळ्यांमधला सांधा उघडा पडला होता. श्वास रोखून त्या फटीत कापूस ठासायचा त्यांनी प्रयत्न केला, पण बोट हलली की कापूस बाहेर यायचा. मग त्यांनी कापसाची वात कॅनव्हासच्या पट्टीवर शिवली, पट्टीला डांबर फासले, तांब्याचे खिळे पट्टीत आधीच अडकवून ठेवले आणि पुन्हा पुन्हा बुड्या मारून ती पट्टी फटीवर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा मारला. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याचाही बंदोबस्त करावा लागला. यातल्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यात दिसते ते सामानाचे कपाट. कापूस, कॅनव्हास, डांबर, तांब्याचे खिळे, हातोडी, हे सगळे बोटीवर होते, ते कुठे आहे हे ठाऊक होते, आणि ते वापरणाऱ्या माणसाला आपल्या बोटीची बांधणी ठाऊक होती. यालाच मी तयारी म्हणतो.

नॉक्स-जॉन्स्टन यांची ती सफर एका शर्यतीचा भाग होती. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट होते. हुशार माणूस, इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार. त्यांची चाळीस फुटी तीन सांगाड्यांची बोट बांधून व्हायला उशीर झाला. नियमाप्रमाणे निघायची शेवटची तारीख 31 ऑक्टोबर 1968, आणि ते टिनमथहून निघाले त्याच दिवशी. बोट कलंडलीच तर स्वयंचलित यंत्रणेने ती सरळ होणार होती. त्या यंत्रणेच्या वायरी बोटभर फिरवलेल्या होत्या, पण त्या जिथे जोडायच्या ते यंत्रच तयार नव्हते. बाजूच्या सांगाड्यांतले पाणी उपसायचा पंप होता, पण त्याला लागणारा नळीचा तुकडा किनाऱ्यावर राहिला होता. झाकणे गळू लागली तेव्हा पाणी हाताने उपसावे लागले. पुढे जे घडले, म्हणजे खोटी स्थाने कळवणे, मनाचा तोल जाणे आणि 1969च्या जुलैत सापडलेली रिकामी बोट, ती एका माणसाची शोकांतिका आहे आणि तिच्याकडे मी आदरानेच पाहतो. तयारी करणाऱ्याने त्यातून एवढेच घ्यावे की त्या बोटीवर दुर्मीळ गोष्टी होत्या आणि साधा नळीचा तुकडा नव्हता.

तारीख माणसाला कशी ढकलते, हेही तिथे दिसते. आपल्याकडचे एक उदाहरण याच्या अगदी उलट आहे. भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमे’ची, म्हणजे शिडाच्या बोटीतून एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेची, कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. ती अंगावर घेतली कमांडर दिलीप दोंदे यांनी. दोंदे यांनी बोट बांधायच्या आधी काय केले? 2006 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन पुन्हा एकदा एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीला निघत होते, तेव्हा दोंदे त्यांच्या बोटीच्या तयारीत हाताखाली काम करायला गेले. मग गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी बोट आकाराला आली, आणि तिच्या बांधणीत दोंदे पहिल्यापासून गुंतलेले होते. फेब्रुवारी 2009 मध्ये बोट नौदलाच्या ताब्यात आली, ऑगस्टमध्ये ती मुंबईहून निघाली आणि मधले महिने चाचण्यांत गेले. ऑगस्ट का, तर केप हॉर्न दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास ओलांडायचे असते, म्हणून. तारीख तिथून मागे मोजत आणलेली होती. तीच बोट घेऊन नौदलाचेच अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता 31 मार्च 2013 ला परतले. बोट तीच, हात वेगळे, आणि दोन्ही वेळा ती टिकली. दिवाडीच्या कारागिरांचे नाव या यशात पहिल्या ओळीत घ्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

आता मुख्य मुद्दा. सफरीचा बेत ठरला की माणूस दुकानाकडे धावतो. नवा प्लॉटर, रडार, पाणी गोडे करणारे यंत्र, सौर पॅनेल, मोठा फ्रिज, हे सगळे डेकवर किंवा टेबलावर दिसते. पाहुण्यांना दाखवता येते. त्याच वेळी बोटीच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली, तीस वर्षांपूर्वी बसवलेली झडप हिरवी पडून बसलेली असते. माझा नियम साधा आहे: काहीही नवे बसवण्याआधी जुने सगळे उघडून पाहा. आणि उघडायला सुरुवात करा ती पाण्याखालून. आधी जे पाणी बाहेर ठेवते ते, मग जे डोलकाठी उभी ठेवते ते, मग जे बोट वळवते आणि जे ती थांबवते ते. एवढे झाल्यावर उरलेल्या पैशांत बाकीच्या हौशी. या क्रमाने काम करणाऱ्यांच्या पुष्कळ हौशी पुढे आपोआपच गळून पडतात, असा माझा अनुभव आहे.

पाणी बाहेर ठेवणाऱ्या गोष्टींत पहिला मान सीकॉकचा. संडास, इंजिनाचे थंड पाणी, स्वयंपाकाचे बेसिन, यांच्यासाठी बोटीच्या तळाला भोके असतात आणि प्रत्येक भोकावर बंद-चालू करायची एक झडप असते. ही झडप कांस्याची असेल तर ती दीर्घायुषी. साध्या पितळेची असेल तर खारे पाणी त्यातले जस्त हळूहळू खाऊन टाकते आणि मागे राहते ते भुसभुशीत तांबे. वरून कळत नाही. गोव्यात एका नदीकाठच्या गोदीत जुन्या बोटीची अशी झडप काढताना मी जवळ बसलो होतो. बाहेरून छान पिवळी, मूठही फिरत होती. मिस्त्रीने पान्याने जरा जोर लावला आणि मानेपाशी ती मोडली. मोडलेला भाग गुलाबी होता, आणि नखाने खरवडला तर शिळ्या बिस्किटासारखा भुगा पडत होता. दीड इंची भोक, पाण्याखाली दोन फूट. अशा भोकातून मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येते. बहुतेक बोटींवरचा विजेचा पंप कागदावर याच्या आसपास असतो आणि प्रत्यक्षात, लांब नळी आणि दमलेली बॅटरी धरून, बराच कमी.

म्हणून प्रत्येक सीकॉक काढून पाहावा, संशय आला की बदलावा, नळीला दोन-दोन क्लिपा लावाव्यात आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी. खुंटीला खर्च जवळजवळ नाहीच. जी भोके लागतच नाहीत ती फायबरग्लासने कायमची बुजवावीत. भोके जितकी कमी, तितकी झोप चांगली लागते.

बोट पाण्याबाहेर आहे तोवर सुकाणू पाहून घ्यावे. आधुनिक बोटींचे सुकाणू म्हणजे स्टीलच्या दांड्याला आतल्या आत वेल्ड केलेल्या पट्ट्या आणि वरून फायबरग्लासचे कवच. कवचात पाणी शिरले की त्या पट्ट्या आत गुपचूप गंजतात. बोट वर काढल्यावर दुसऱ्या दिवशीही सुकाणूच्या खालच्या कडेतून थेंब पडत असतील, तर ते उघडायची वेळ आली आहे असे समजावे. आणि सुकाणूपर्यंत जाणाऱ्या तारा, कप्प्या, साखळ्या? ‘तारिणी’वरच्या सहा नौदल अधिकारी स्त्रियांची 2017-18 ची जगप्रदक्षिणा आपल्याला ठाऊक आहे. केप हॉर्न पार करून, केपटाऊन सोडून, घराकडचा शेवटचा टप्पा चालू असताना त्यांच्या बोटीचे स्टीअरिंग बिघडले आणि त्यांना ठरलेले नसताना मॉरिशसला थांबावे लागले. बोट उत्तम, हात कसलेले, तरीही समुद्र एवढी झीज करतो. म्हणून हाताने सुकाणू धरायचा आपत्कालीन दांडा बोटीवर हवाच. तो बसतो का, त्याने बोट वळते का, हे बंदरातच करून पाहायला हवे. बहुतेक बोटींवर हा दांडा कुठल्या तरी लॉकरच्या तळाशी कोरा करकरीत पडलेला असतो.

डोलकाठीविषयी लोकांची एक समजूत फार घट्ट आहे: तिला धरून ठेवणाऱ्या तारा स्टेनलेस स्टीलच्या आहेत, म्हणजे गंजण्याचा प्रश्न नाही. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही तो त्याच्यावरच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. जिथे खारे पाणी साचते आणि हवा पोचत नाही, तिथे हे स्टील आतून कुजते. तारेच्या खालच्या टोकाचे दाबून बसवलेले टोपण आणि तारा बोटीच्या अंगाला जखडणाऱ्या, डेकमधून आरपार जाणाऱ्या चेनप्लेट, या नेमक्या तशाच जागा. उघड्या तारेवर दिसणारे तांबूस डाग पुसून निघतात. धोका असतो तो टोपणाच्या आत. भिंगाने पाहिले तर कधी कधी केसासारखी चीर दिसते, पण दिसली नाही म्हणजे ती नाही, असे नव्हे. तारांचे आयुष्य साधारण दहा-बारा वर्षे धरण्याची पद्धत आहे आणि विम्याच्या कंपन्याही त्याच सुमारास विचारू लागतात. जुन्या बोटीच्या तारा कधी बदलल्या याची पावती मिळाली नाही, तर बदललेल्या नाहीत असे गृहीत धरून चालावे. चेनप्लेट काढून पाहायला केबिनमधली लाकडी सजावट उचकटावी लागते. मालकाच्या जिवावर येते. ती उचकटावी. त्याच वेळी आजूबाजूच्या डेकवर प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत जावे. जिथे आवाज घट्ट न येता बदबद येतो, तिथे डेकच्या दोन थरांमधले लाकूड ओले होऊन कुजले आहे.

तार तुटली तर डोलकाठी जाते, हे खरे. पण शाबूत तारा असूनही ती जाऊ शकते. 2018च्या सप्टेंबरात अभिलाष टॉमी ‘सुहैली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’वर दक्षिण हिंदी महासागरात होते. वादळात बोट पलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून जवळजवळ दोन हजार सागरी मैलांवर ते केबिनमध्ये पडून होते. मजकूर पाठवायच्या छोट्या उपग्रह यंत्रावरून त्यांनी आपली अवस्था कळवली आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने तीन दिवसांनी त्यांना उचलले. कवच अखंड होते आणि निरोपाचे साधन हाताशी होते. तेच टॉमी पुढे एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या 2022च्या शर्यतीत दुसऱ्या बोटीवर उतरले आणि 2023 मध्ये दुसरे आले.

कवच अखंड असेल तर बोट तरंगत राहते, ही गोष्ट 1979 च्या फास्टनेट शर्यतीने साऱ्या जगाला शिकवली. 303 बोटी निघाल्या, आयर्लंडच्या दक्षिणेच्या समुद्रात वादळाने गाठले, शर्यतीतले 15 जण गेले. 24 बोटी माणसांनी सोडून दिल्या. त्यातल्या पाचच बुडाल्या. बाकीच्या वादळ ओसरल्यावर पाण्यावर तरंगताना सापडल्या. त्यानंतर जीव वाचवायच्या तराफ्याकडे पाहायची दृष्टीच बदलली. तराफा हवाच, त्याची वेळच्या वेळी तपासणी हवीच, 406 मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन मालकाच्या नावावर नोंदवलेला हवाच. पण पहिले काम बोट राहण्याजोगी ठेवण्याचे. केबिनच्या दाराच्या फळ्या बोट उलटी झाली तरी निसटणार नाहीत अशा अडकवाव्यात. बॅटऱ्या पट्ट्यांनी जखडाव्यात, कारण तीस किलोची बॅटरी केबिनमध्ये उडाली तर जीव घेते. शेगडी, फरशीच्या फळ्या, हत्यारांच्या पेट्या, सगळ्यांना कडी. दोन दिवसांत आणि थोडक्या पैशांत हे काम होते, आणि तरीही ते राहून गेलेल्या बोटी मी फार पाहिल्या आहेत.

नांगराकडे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सफरीतल्या बोटीचे बरेचसे आयुष्य त्याच्याच भरवशावर जाते. महिनोन्‌महिने तुम्ही प्रवासात असता असे तुम्हाला वाटते. खरे तर बहुतेक रात्री तुम्ही कुठल्या तरी अनोळखी खाडीत नांगर टाकून झोपलेले असता. बोटीबरोबर आलेला नांगर बहुधा आठवडी फेरीच्या मापाचा असतो. तो एक-दोन माप मोठा घ्यावा, नव्या धाटणीचा, टोकदार आणि स्वतःहून तळात रुतणारा. साखळी पूर्ण लोखंडी. चाळीस फुटी बोटीला दहा मिलिमीटरची, सत्तर-ऐंशी मीटर. ही साखळी मीटरला सव्वादोन किलोहून थोडी जास्त भरते, म्हणजे ऐंशी मीटरचे एकशे पंचाऐंशी किलोच्या आसपास वजन नेमके बोटीच्या नाकावर. ते शक्य तितके मागे आणि खाली ठेवायची सोय करावी. खोलीच्या पाचपट साखळी सोडावी आणि साखळीचा हिसका थेट बोटीवर न येता नायलॉनच्या जाड दोरावर यावा.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर एक हिशोब सांगतो. चाळीस फुटी बोटीवर साधारण दोनशे किलोंपेक्षा थोडे जास्त सामान चढले की ती एक सेंटिमीटर खाली बसते. पाणी, डिझेल, साखळी, हत्यारे, सुटे भाग, डबे, पुस्तके, दुसरी शिडे, छोटी होडी आणि तिचे इंजिन धरून दोन टन सहज होतात. म्हणजे बोट नऊ-दहा सेंटिमीटर खाली. तिचा वेग जातो, लाटेवर ती उशिरा उचलली जाते, आणि कधीकाळी पाण्याच्या वर असलेली भोके पाण्याखाली येतात. 1968 च्या त्याच शर्यतीत बर्नार मोआतेसिए यांनी निघण्याआधी आपल्या ‘जोशुआ’वरून इंजिन, नांगराची चरकी, छोटी होडी, जादा साखळदंड, रंगाचे डबे, असे बरेच काही उतरवून टाकले. त्यांना कुठे थांबायचे नव्हते, म्हणून नांगराचे सामान कमी करणे त्यांना परवडले. आपल्याला ते परवडणार नाही. पण प्रत्येक वस्तू हातात धरून ‘ही कशासाठी’ असे विचारायची त्यांची सवय घेण्यासारखी आहे.

विजेबद्दल पुस्तकात एक मोठे प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. आधी खर्च मोजा, मग कमाई. बारा व्होल्टचा फ्रिज उष्ण प्रदेशात दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-तास खातो, स्वयंचलित सुकाणू त्याहून जास्त खाऊ शकते. चारशे वॉटची सौर पॅनेल आपल्याकडच्या उन्हात शंभर-सव्वाशे अँपिअर-तास देतात, तेही त्यांच्यावर डोलकाठीची सावली पडली नाही तर. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या आणि गुणी, पण जुन्या इंजिनाचा अल्टरनेटर त्यांची भूक भागवताना तापून जळतो. त्याची व्यवस्था केल्याशिवाय त्या बसवू नयेत. आणि वाऱ्यावर चालणारे सुकाणू, ज्याला वीज मुळीच लागत नाही, ते दोघांच्या बोटीवर तिसऱ्या माणसाचे काम करते. पैसे एकाच मोठ्या वस्तूपुरते असतील, तर मी ते घ्यायला सांगेन. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र त्यानंतर. ते साठ बारच्या आसपास दाबावर चालते, त्याचा पडदा क्लोरीनने खराब होतो आणि ते चालवल्याशिवाय ठेवले तर सडते. ज्याला त्याची निगा राखायची आहे त्यानेच ते घ्यावे.

डिझेलच्या टाकीचे झाकण मात्र सगळ्यांनी उघडावे. वर्षानुवर्षे तळाशी साचलेला काळा गाळ शांत बंदरात शांत असतो. पहिल्या मोठ्या लाटांत तो ढवळून निघतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडते. नेमके खडकाजवळ बंद पडले, असे लोक नवलाने सांगतात. त्यात नवल नाही. लाटा तिथेच मोठ्या असतात.

आपल्या किनाऱ्यावर हे काम कधी करायचे, ते पावसाळा ठरवतो. कोकणातल्या कोळीवाड्यांत मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत होड्या वर ओढून ठेवतात, त्यांची दुरुस्ती-रंगरंगोटी होते आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यात जातात. बोटीचे अंग दरवर्षी कोरडे करून पाहायचे, ही शिस्त त्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे आणि नव्या शौकिनांनी ती त्यांच्याकडून जरूर शिकावी. आपले फायबरग्लासचे काम मात्र भर पावसात होत नाही. ओल असली की इपॉक्सी नीट धरत नाही, रंगाला फोड येतात. उघड्यावरचे काम ऑक्टोबरपासून. पावसाळ्यात मोटर उघडणे, तारा ओढणे, शिडे शिवणे अशी छपराखालची कामे. अरबी समुद्रातली वादळे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर येतात, आणि डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा स्थिर असतो. शतकानुशतके अरबांची गलबते याच वाऱ्यावर आफ्रिकेला गेली. तेव्हा पश्चिमेकडे निघणाऱ्याने डिसेंबरअखेर हातातली कामे संपवावीत. संपली नाहीत तर पुढच्या वर्षी निघावे. हे लिहायला सोपे आणि करायला फार कठीण आहे, हे मला माहीत आहे. नोकरी सोडलेली असते, घर भाड्याने दिलेले असते, निरोपाची जेवणे झालेली असतात.

खर्चाबद्दल विचारणाऱ्यांना मी जोशुआ स्लोकम यांची आठवण करून देतो. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले. मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला कुरणात सडत पडलेला ‘स्प्रे’चा सांगाडा त्यांना मिळाला. त्यांनी एकेक फळी बदलून तो पुन्हा उभा केला. तेरा महिने लागले आणि सामानाला 553 डॉलर 62 सेंट. 1895 मध्ये निघाले, 1898 मध्ये परतले. आजच्या किमतींशी त्या आकड्याचा मेळ घालण्यात अर्थ नाही. त्या हिशोबातून समजते ते एवढे की ‘स्प्रे’ची एकही फळी अशी नव्हती जी स्लोकम यांच्या हाताखालून गेली नव्हती. जी कामे आपल्याला येत नाहीत ती कारागिराकडून जरूर करून घ्यावीत, मीही घेतो. पण तो काम करत असताना शेजारी बसावे, हत्यारे द्यावीत, विचारावे. आणि घरातल्या प्रत्येकाने, नुसत्या ‘कप्तानाने’ नव्हे, शीड आखडणे, इंजिन चालू करणे, नांगर टाकणे आणि रेडिओवरून मदत मागणे हाताने केलेले असावे. जोडप्यांच्या सफरीत एक जण आजारी पडला की दुसऱ्यावर सगळी बोट येते.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे: पाण्याखालून वर, आणि शेवटी चाचण्या. चाचणी म्हणजे सहलीचे हवामान पाहून मारलेली चक्कर नव्हे. दोन-तीन रात्री समुद्रावर, एक तरी रात्र चांगल्या वाऱ्यात, सगळे सामान भरून. जे मोडायचे ते तिथे मोडावे.

वाचकाला एक विनंती आहे. पुढचे पान उलटण्याआधी बोटीवर जा. एका कागदावर बोटीच्या तळाचा आराखडा काढा आणि त्यावर प्रत्येक भोकाची जागा दाखवा. फरशीच्या फळ्या उचला, लॉकर रिकामे करा, एकही भोक सुटू देऊ नका. मग प्रत्येक झडप एकदा पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. एखादी आखडून बसली असेल तर बोट पाण्यात असताना तिच्यावर जोर लावू नका. कागदावर तिथे लाल खूण करा आणि बोट वर काढायची तारीख ठरवा. तो कागद शेजारी ठेवूनच पहिले प्रकरण वाचायला घ्या.